एबीएसचा दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो. अशी मोटरसायकल चालवावी का?

लांबपल्ला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. प्रश्न ब्रेकचा आहे, त्यामुळे माझ्या मनाने अंदाज बांधत बसायचं नाही असं ठरवलं.

गाडी चार वर्षांची, ३८,००० किलोमीटर झालेली. दोन्ही चाकांना डिस्क, दोन्हीकडे एबीएस, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. तीन आठवड्यांपूर्वी पुढचा टायर बदलला. त्यानंतर दोनच दिवसांनी मीटरवरचा एबीएसचा पिवळा दिवा लागला. चावी बंद करून पुन्हा फिरवली की तो नेहमीसारखा लागतो, गाडी थोडी पुढे गेली की विझतो आणि मग दहा-पंधरा मिनिटांनी चालत्या गाडीवर परत लागतो. कधीकधी अख्खा दिवस लागत नाही.

टायर बदलला तिथे जाऊन विचारलं. "ब्रेक लागतोय ना? मग चालवा, दिव्याकडे बघू नका," असं सांगितलं. ब्रेक लागतोय हे खरं आहे. पण माझं रोजचं जाणं-येणं ५० किलोमीटर, त्यातला निम्मा रस्ता मोठ्या गाड्यांचा, आणि पाऊस तोंडावर आलाय. दिवा लागलेला असतो तेव्हा नेमकं काय बंद पडलेलं असतं? आणि दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवावी का?

तेलकट_हात

चावी फिरवल्यावर दिवा लागणं आणि गाडी हलल्यावर विझणं ही एबीएसची स्वतःची तपासणी असते. आधी कंट्रोल युनिट, म्हणजे एबीएसचा छोटा कॉम्प्युटर, आपले व्हॉल्व्ह, पंपाची मोटर आणि वायरिंग तपासतं. मग चाकं फिरायला लागली की दोन्ही चाकांजवळच्या सेन्सरकडून वेगाचे आकडे येतायत का आणि ते एकमेकांशी जुळतायत का, ते बघतं. जुळले की दिवा विझतो. बहुतेक गाड्यांत हे ताशी ५ ते १० किलोमीटर वेगाला होतं. त्यामुळे उभ्या गाडीवर दिवा दिसणं म्हणजे बिघाड नव्हे. चालत्या गाडीवर लागला तर मात्र युनिटला काहीतरी खटकलंय आणि त्याने एबीएसचं काम थांबवलंय.

थांबवलंय म्हणजे काय? तुम्ही लिव्हर दाबता तेव्हा ब्रेक ऑइल लिव्हरजवळच्या मास्टर सिलेंडरमधून निघून एबीएसच्या मॉड्युलेटरमधून (दाब कमी-जास्त करणारा भाग) कॅलिपरपर्यंत (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) जातं. मॉड्युलेटरमध्ये प्रत्येक चाकाचे दोन व्हॉल्व्ह असतात. कॅलिपरकडे जाणारा एरवी उघडा असतो, दाब सोडून देणारा एरवी बंद असतो. विजेचा पुरवठा तुटला तरी ते त्याच अवस्थेत राहतात, म्हणून साध्या हायड्रॉलिक ब्रेकसारखा दाब पोचतो. गेलेली असते ती फक्त चाक जाम होऊ लागल्यावर दाब सोडणारी आणि परत धरणारी यंत्रणा. तुम्हाला ज्यांनी "ब्रेक लागतोय" असं सांगितलं ते तेवढ्यापुरतं बरोबर आहे.

याला एक अपवाद आहे. २००१ च्या सुमारास बीएमडब्ल्यूने काही मॉडेल्सना विजेवर चालणारा सर्व्हो ब्रेक दिला होता. तिथे वीज गेली की ब्रेक उरतो, पण लिव्हर फार जोराने दाबावा लागतो. तशी गाडी असेल तर साध्या गाडीचे नियम तिला लावू नका.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय पुढच्या चाकावर आहे. टायर बदलताना चाक काढलं होतं. सेन्सरची वायर कॅलिपरजवळच्या क्लिपमध्ये नीट बसलीये का, कुठे घासलीये का, एवढं आज बघून घ्या.

जुना_क्लच

मी जवळजवळ तीस वर्षं एबीएस नसलेल्या गाड्या चालवल्या. ड्रम ब्रेक, मग साधी डिस्क. १९८८ साली बीएमडब्ल्यूच्या के १०० वर इलेक्ट्रॉनिक एबीएस पहिल्यांदा आला, आणि तो सगळीकडे पोचायला पुढे कित्येक वर्षं गेली. तोवर आम्ही सगळे त्याशिवायच चालवत होतो. लांबपल्ला, घाबरून जाऊ नका. अंतर ठेवा, वेग आवरा, दुरुस्ती लवकर करा. गाडी वापरण्याजोगी आहे.

पावसाळी_रायडर

जुना_क्लच, तुमच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे, पण मला इथे बोलायलाच हवं.

माझ्या गाडीचा एबीएसचा दिवा तीन महिने लागलेला होता. पहिल्या आठवड्यात मी फार जपून चालवली. दुसऱ्या आठवड्यात थोडी कमी जपून. महिन्याभराने दिवा दिसेनासा झाला. तो लागलेलाच असायचा, माझ्या नजरेला दिसत नव्हता. एका ओल्या सकाळी समोरची गाडी अचानक थांबली आणि मी नेहमीसारखा पुढचा ब्रेक दाबला. नेहमीसारखा म्हणजे सहा वर्षं एबीएसच्या गाडीवर जसा दाबत आलो तसा, एका झटक्यात पूर्ण. पुढचं चाक रस्त्यावर रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्यावर होतं. ते जाम झालं हे कळायच्या आत मी आडवा झालो होतो. गळपट्टीचं हाड मोडलं. मागून कुणी येत नव्हतं म्हणून आज हे लिहितोय.

तुमचा हात ड्रम ब्रेकवर तयार झालाय. चाक जाम होण्याच्या आधी लिव्हरमधून जे कळतं ते तुमच्या बोटांना माहीत आहे. माझ्या बोटांना ते कधी शिकावंच लागलं नव्हतं. लांबपल्ला यांनी आधी स्वतःला विचारावं, की माझा हात कुठल्या गाडीवर तयार झालाय?

जुना_क्लच

पटलं. मी हे ध्यानात घेतलं नव्हतं. तुम्ही वाचलात हे फार बरं झालं.

मोजमाप

पावसाळी_रायडर यांच्या मुद्द्याला आकड्यांची जोड देतो.

ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. कोरड्या चांगल्या रस्त्यावर सरावलेला चालक दर सेकंदाला साधारण ८ मीटर प्रतिसेकंद इतका वेग उतरवू शकतो, म्हणजे ब्रेक लागल्यापासून सुमारे १७ मीटरांत गाडी थांबते. चाक जाम होईल या भीतीने कुणी हात राखून दाबला आणि वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद इतकाच उतरला, तर २८ मीटर लागतात. ११ मीटरांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, त्याच जागेवरून दुसरी ताशी ३७ च्या वेगाने पुढे जात असते. यात डोळ्यांनी बघून हात हलेपर्यंतचा वेळ धरलेला नाही. तो एक सेकंद धरला तर दोन्हींत आणखी १७ मीटर मिळवा.

कोरड्या रस्त्यावर निष्णात माणूस एबीएसशिवायही तितक्याच अंतरात थांबू शकतो. एबीएसमुळे घाबरलेला, दचकलेला, थकलेला माणूसही पूर्ण जोराने दाबू शकतो आणि गाडी उभी राहते. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशांवर चालणारी आयआयएचएस ही रस्ता सुरक्षा संस्था आहे. तिने त्याच मॉडेलच्या एबीएस असलेल्या आणि नसलेल्या मोटरसायकलींची तुलना केली, तेव्हा एबीएसवाल्यांच्या जीवघेण्या अपघातांचं प्रमाण २२ टक्क्यांनी कमी निघालं.

आता लांबपल्ला यांना एक प्रश्न, आणि याचं उत्तर विचार करून द्या. दिवा लागलेला नसताना, अगदी हळू थांबताना, म्हणजे सिग्नलला शेवटचे पाच-दहा मीटर उरलेले असताना, ब्रेकचा लिव्हर बोटांना उलटे धक्के देतो का?

लांबपल्ला

मोजमाप, तुमचा प्रश्न वाचून अंगावर काटा आला. हो, देतो. मी ते डिस्क वाकल्यामुळे असेल असं समजत होतो, म्हणून इथे लिहिलंही नाही. हळू थांबताना लिव्हर दोन-तीनदा बोटांवर उलटा येतो, टकटक आवाज येतो आणि गाडी हातभर पुढे सरकते. काल पुढच्या रिक्षाला टेकता टेकता राहिली. पण दिवा लागलेला असला की असं होत नाही! हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. हे उलटं कसं काय?

मोजमाप

उलटं नाही, अगदी सुसंगत आहे. दुरुस्तीपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. मी हे सहसा कुणाला सांगत नाही.

सेन्सरला चाक "दिसत" नाही. चाकासोबत फिरणाऱ्या दातेरी किंवा खाचा असलेल्या रिंगचे दात त्याच्यासमोरून जातात, तो ते मोजतो. रिंग आणि सेन्सर यांच्यात बारीक फट असते, बऱ्याच गाड्यांत मिलिमीटरभराच्या आसपास. रिंग थोडी जरी वाकली तरी चाकाच्या प्रत्येक फेरीत ही फट एका बाजूला वाढते. तिथले दात सेन्सरला नीट कळत नाहीत. वेग कमी असताना हे जास्त जाणवतं, कारण जुन्या पद्धतीच्या चुंबकीय सेन्सरचा सिग्नल मुळात वेगावर अवलंबून असतो. चाक हळू फिरलं की सिग्नल क्षीण होतो.

आता युनिटच्या जागी बसून बघा. ब्रेक दाबलेला आहे, मागचं चाक फिरतंय आणि पुढच्या चाकाचे दात एकदम गायब झाले. यातून ते एकच निष्कर्ष काढणार, की पुढचं चाक जाम झालं. मग जे त्याचं काम ते करतं, पुढचा दाब सोडून देतं. तुम्ही थांबायचा प्रयत्न करताय आणि यंत्रणा तुमचा ब्रेक सोडवतेय. असं बऱ्याचदा घडल्यावर युनिटला कळतं की आकडेच चुकीचे येतायत. तेव्हा ते दिवा लावून स्वतः बाजूला होतं, आणि धक्के थांबतात. तुम्ही चावी फिरवून दिवा घालवता तेव्हा त्याच चुकीच्या आकड्यांवर काम करायला त्याला पुन्हा उभं करता.

म्हणून तुमच्या गाडीत दिवा लागलेली अवस्था कमी धोक्याची आहे आणि दिवा विझलेली जास्त.

नवशिकी

बाप रे. मी तर दिवा विझला की सुटलो असंच समजत होते.

माझा थोडा वेगळा प्रश्न, चालेल ना? माझ्या गाडीचा दिवाही परवा लागला. गाडी डबल स्टँडवर लावून, इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये मागचं चाक फिरवत चेनला तेल दिलं होतं. त्यानंतर लगेच लागला. दुसऱ्या दिवशी चावी फिरवली तर गेला आणि अजून आलेला नाही. काळजी करू का?

तेलकट_हात

नवशिकी, तुमचं कारण साधं आहे. मागचं चाक फिरतंय आणि पुढचं स्थिर, असं बराच वेळ दिसलं की युनिट पुढचा सेन्सर बिघडल्याचं धरतं. रस्त्यावर दोन्ही चाकं सारखी फिरताना दिसली की बहुतेक गाड्यांत ते आपोआप निवळतं. परत आला नाही तर विसरून जा.

पण इंजिन चालू ठेवून चेनला हात लावू नका. चेन आणि स्प्रॉकेटमध्ये बोट गेलं तर तुटतं, मी माझ्या सहकाऱ्याचं तुटलेलं पाहिलंय. न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवायचं.

सरळरेषा

लांबपल्ला, एबीएसचा फ्यूज काढून टाका ना. मग यंत्रणा पूर्ण बंद, साधा ब्रेक शिल्लक, धक्के नाहीत. दुरुस्तीला नेईपर्यंत तेवढं पुरे. मी एकदा लांबच्या प्रवासात असंच केलं होतं.

पावसाळी_रायडर

फ्यूज काढून "तेवढं पुरे" म्हणत मीही तीन महिने काढले असते. कृपा करून असं सुचवू नका.

तेलकट_हात

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

साध्या हायड्रॉलिक ब्रेकच्या गाडीत फ्यूज काढल्यावर चुकीचे धक्के थांबतात, हे खरं. लांबपल्ला यांच्यासारख्या बिघाडात ती अवस्था आत्ताच्या अवस्थेपेक्षा बरी, हेही खरं. पण फ्यूजबॉक्स उघडण्याआधी मॅन्युअल वाचा. कित्येक गाड्यांत एबीएसचे दोन फ्यूज असतात, एक पंपाच्या मोटरचा आणि एक व्हॉल्व्ह व युनिटचा. काही गाड्यांत त्याच फ्यूजवर आणखी काही चालतं. शिवाय चाकाच्या सेन्सरचे आकडे फक्त एबीएस वापरत नाही. ट्रॅक्शन कंट्रोल (वेग वाढवताना मागचं चाक घसरू न देणारा), क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारा), काही गाड्यांत स्पीडोमीटरसुद्धा त्यांच्यावरच अवलंबून असतो. एक फ्यूज काढला आणि वेगाचा काटा शून्यावर बसला, असं होऊ शकतं. पुढचा-मागचा ब्रेक इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जोडलेला असेल त्या गाडीत तर फ्यूजला हातच लावू नका. ब्रेकचा सगळा तोल बदलतो.

माझं मत असं, की गॅरेज दोन-चार किलोमीटरवर असेल, रस्ता कोरडा असेल आणि मॅन्युअलमध्ये फ्यूज स्पष्ट दिलेला असेल, तर काढा. आधी मोकळ्या जागेत चार-पाचदा थांबून बघा, मग सावकाश गॅरेजला न्या. त्याहून लांब जायचं असेल तर गाडी टेम्पोत घाला. फ्यूज काढून रोज कामाला जाणं मला मान्य नाही.

सरळरेषा

मान्य. मी घाईने लिहिलं. माझ्या गाडीला जे चाललं ते सगळ्यांना चालेल असं नाही.

लांबपल्ला

गाडी आजपासून घरी उभी केली. बसने जातोय. रविवारी तपासायला बसणार आहे, मल्टिमीटर आणि फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या) जमवलंय. कुठून सुरुवात करू?

तेलकट_हात

बॅटरीपासून. हसू नका, एबीएसच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या कितीतरी गाड्यांत बॅटरीच म्हातारी झालेली असते. गाडी रात्रभर उभी असल्यावर बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. स्टार्टर मारताना आकडा १० च्या खाली घसरत असेल तर युनिटला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत आणि ते स्वतःला बंद करतं. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ दिसायला हवेत. बॅटरीची टोकं घट्ट आहेत का तेही पाहा.

मग पुढचं चाक. सेन्सरच्या टोकावर लोखंडाचा बारीक भुगा चिकटतो, कारण आत चुंबक असतो. मऊ कापडाने पुसा, खरवडू नका. प्रेशरने धुतलेल्या गाडीत कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या जोडात, पाणी शिरतं, तो उघडून हिरवट गंज दिसतो का बघा. वायर हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवून तपासा. काही वायरी वरून चांगल्या दिसतात आणि वळणावर आतून तुटलेल्या असतात.

एक जपा. सेन्सरचा रोध (रेझिस्टन्स) मल्टिमीटरने मोजायला सगळीकडे सांगतात. तो चुंबकीय सेन्सरला चालतो. नव्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, त्यावर रोध मोजून काही कळत नाही आणि सेन्सर खराब होण्याची भीती असते. नुसत्या वायरी मोजून प्रकार ओळखू नका, दोन्ही प्रकार दोन वायरींचे असतात. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं.

मोजमाप

त्यानंतर पुढचं चाक जमिनीपासून उचला, हाताने अगदी सावकाश फिरवा आणि दर काही अंशांनी सेन्सर-रिंगमधली फट फीलर गेजने मोजा. एका ठिकाणी मोजून थांबू नका. वाकलेली रिंग एका जागी बरोबरच मापाची असते. आकडे कागदावर लिहा. चाक बाजूंनी हलवून बेअरिंगला खेळ आहे का तेही बघा, कारण बेअरिंग सैल झालं तरी फट अशीच बदलते.

नवशिकी

लांबपल्ला यांचं होईपर्यंत विचारते. मी पुढच्या महिन्यात जुनी गाडी घेणार आहे, ही बहिणीला देऊन. विकणाऱ्याने एबीएसचा बिघाड लपवला असेल तर कसं ओळखायचं?

पावसाळी_रायडर

चावी फिरवा आणि इंजिन सुरू न करता मीटरकडे बघा. एबीएसचा दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर कुणीतरी बल्ब काढलाय, वायर तोडलीये किंवा मीटर उघडलंय. मला दाखवलेल्या एका गाडीत दिव्याच्या जागी आतून काळी पट्टी चिकटवलेली होती. विकणारा शपथेवर सांगत होता की एबीएस उत्तम आहे.

मग गाडी चालवा आणि दिवा विझतो का बघा. तो इंजिन सुरू होताच, ऑइलच्या दिव्याबरोबर, त्याच क्षणी विझत असेल तर दोन्ही दिवे एकत्र जोडल्याचा संशय घ्या. एबीएसचा दिवा विझायला चाक फिरावं लागतं. शेवटी मोकळ्या, कोरड्या, सरळ जागेत ताशी ३० च्या वेगाने मागचा ब्रेक जोरात दाबा. पायाला थरथर जाणवली आणि चाक घसरलं नाही तर मागचा एबीएस जिवंत आहे.

मोजमाप

आणि ब्रेक ऑइलची टाकी उघडून रंग बघा. चहासारखं काळपट झालेलं असेल तर मालकाने किती वर्षं लक्ष दिलं नाही ते कळतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ३.७ टक्के पाणी शिरल्यावर मानकानुसार तो १५५ इतका खाली आलेला चालतो. उतारावर सतत ब्रेक दाबून कॅलिपर तापला की त्या पाण्याची वाफ होते आणि लिव्हर हँडलला टेकतो.

एबीएसच्या गाडीत नुकसान तिथेच थांबत नाही. मॉड्युलेटरचे व्हॉल्व्ह केसाएवढ्या बारीक छिद्रांचे असतात, गंज आणि गाळ त्यांना अडकवतो. दोन वर्षांनी ऑइल बदलायचं काम आपण "ब्रेक तर लागतोय" म्हणून पुढे ढकलतो आणि मग अख्खा मॉड्युलेटर बदलायची वेळ येते. हे मी फार वेळा पाहिलंय आणि दर वेळी वाईट वाटतं. बदलताना डब्यावर डॉट ४ की ५.१ ते नीट वाचा. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं. ५.१ सारखं नाव दिसलं म्हणून ते भरू नका, एबीएसमध्ये ते चालत नाही.

लांबपल्ला

रविवारचा वृत्तांत.

बॅटरी १२.७. स्टार्टर मारताना १०.९. इंजिन चालू असताना १४.१. वायर ठीक, कपलर कोरडा, सेन्सरच्या टोकावर थोडा भुगा होता तो पुसला. बेअरिंगला खेळ नाही.

मग फट मोजायला बसलो. मॅन्युअलप्रमाणे माझ्या गाडीला ०.४ ते १.४ मिलिमीटर हवी. टायरमध्ये हवा भरायच्या नळीपासून सुरुवात करून बारा ठिकाणी मोजली. सहा-सात ठिकाणी ०.७ ते ०.९. पुढे वाढत वाढत १.३, १.६ आणि एका ठिकाणी २.१. तिथून परत कमी. चाक उतरवून रिंग काचेवर ठेवली, तेव्हा एका बाजूने कागद सहज आत सरकला. त्याच बाजूला काठावर लोखंडी पट्टीने दाबल्याची खूण आहे. टायर काढताना चाक रिंगच्या बाजूवर आडवं टाकून वर जोर दिलेला दिसतो.

रागही आला आणि स्वतःच्या निष्काळजीपणाचं वाईटही वाटलं. तीन आठवडे मी चावी फिरवून तो दिवा घालवत होतो. मागे माझी मुलगी बसलेली असायची.

रिंग हातोडीने हलकेच सरळ करता येईल का? की नवीनच टाकावी?

तेलकट_हात

नवीनच. सरळ केलेली रिंग डोळ्यांना सपाट दिसते आणि अर्ध्या मिलिमीटरने लहरत राहते. पत्रा एकदा वाकला की त्याच जागी कमकुवत होतो. जुने स्क्रूही वापरू नका, त्यांच्यावरचा चिकट थर एकदाच धरतो. टॉर्क रेंचने, मॅन्युअलच्या मापाने, आमनेसामने आवळा. बसवल्यावर पुन्हा बारा ठिकाणी फट मोजा आणि स्कॅनर (युनिटमध्ये साठलेले दोष वाचणारं यंत्र) लावून जुने एरर कोड पुसून घ्या.

पुढच्या वेळी टायरवाल्यासमोर उभं राहून सांगायचं, की चाक डिस्क किंवा रिंगच्या बाजूवर ठेवू नका, खाली लाकडी ठोकळे घ्या. आमच्या धंद्यातली कुणी चांगली माणसं याने रागावत नाहीत.

जुना_क्लच

रिंग येईपर्यंत गाडी उभी आहे ना? छान. आल्यावर, सगळं ठीक झाल्यावरही, मोकळ्या जागी एक सराव करा. पावसाळी_रायडर यांचं वाचल्यापासून हे लिहायचं मनात होतं. पुढचा ब्रेक दोन टप्प्यांत दाबायला शिका. आधी लिव्हरची मोकळीक संपवून पॅड डिस्कला टेकू द्यायचे. पुढचा शॉक खाली बसला, वजन पुढच्या टायरवर आलं, की जोर वाढवत न्यायचा. टायरवर भार येण्याआधी झटका दिला तर चाक जाम होतं, भार आल्यावर तोच जोर टायर पेलतो. यात अर्धा सेकंदही जात नाही.

आणि एबीएस नसताना पुढचं चाक जाम झालंच तर बोटं लगेच उघडायची आणि परत दाबायचं. मागचं जाम झालं आणि गाडी सरळ असेल तर पाय हलका करायचा. मागची बाजू आडवी गेलेली असेल तर मात्र पाय एकदम उचलू नका. टायर अचानक पकड घेतो आणि माणसाला गाडीवरून पलीकडे उडवतो.

लांबपल्ला

रिंग बसली. नवे स्क्रू, टॉर्क रेंचने. बारा ठिकाणची फट आता ०.७ ते ०.९. कोड पुसताना स्कॅनरवर पुढच्या सेन्सरचा "सिग्नल अनियमित" हा एकच दोष साठलेला होता.

आज पहाटे रिकाम्या मैदानात गेलो. आधी हळू थांबून बघितलं, वीसेक वेळा. लिव्हर शांत. मग ताशी ३० ने मागचा ब्रेक पूर्ण दाबला, पायाखाली थरथर, चाक सरळ. मग पुढचा. पहिल्या खेपेला हात धजेना, अर्धाच दाबला गेला. चौथ्या खेपेला पूर्ण दाबला. लिव्हर थरथरला, गाडी सरळ रेषेत थांबली. त्यानंतर जुना_क्लच यांनी सांगितलेला दोन टप्प्यांचा सराव तासभर केला. दर रविवारी करणार आहे.

टायरच्या दुकानात वाकलेली रिंग नेऊन दाखवली. तिथला मुलगा ती बराच वेळ हातात धरून बघत होता. ती आता दुकानात भिंतीला टांगलीये, आणि खाली दोन लाकडी ठोकळे आणून ठेवलेत.

नवशिकी

काल एक गाडी बघायला गेले होते. चावी फिरवली, एबीएसचा दिवा लागलाच नाही. विकणारा म्हणाला या मॉडेलला तो दिवा नसतोच. मॅन्युअल मागितलं, पान उघडलं, दिव्याचं चित्र दाखवलं आणि परत आले.